प्रवासात कला, वास्तू आणि प्रसिद्ध स्थळं कशी बघावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला कलेतलं काही कळत नाही. मग लेणी, चर्च, संग्रहालयं बघून मला काय मिळणार?

कळत नाही म्हणून काही अडत नाही. शैली, शतक, राजवट ही नावं घरी येऊनही वाचता येतात. समोर उभं असताना तीन साधे प्रश्न पुरतात: हे कशाचं केलंय, कसं केलंय, आणि इथे येणाऱ्या माणसाने इथे काय करावं असं करणाऱ्याच्या मनात होतं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. आज आपण ज्याला कलावस्तू म्हणतो त्यातल्या बहुतेक गोष्टी वापरायला केल्या होत्या. पूजेला, दफनाला, पाणी भरायला, दरबार भरवायला. वापर लक्षात आला की पुढचं आपोआप दिसू लागतं.

एक उदाहरण घ्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यात, मान वर करून बघा. डोंगर पोखरून केलेल्या छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या दिसतील. त्या साधारण दोन हजार वर्षं जुन्या आहेत. छत तोलायला त्यांची काडीचीही गरज नाही, कारण वर अख्खा डोंगर आपल्या जागी घट्ट आहे. मग बसवल्या कशाला? त्याआधीची अशी सभागृहं लाकडाची असत, आणि सभागृह म्हटलं की फासळ्या हव्यातच, हे लोकांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. नंतर अजिंठ्याला २६ क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथे त्याच फासळ्या थेट दगडात कोरल्या आहेत. लाकूड गेलं, सवय राहिली. हे ओळखायला कुठली पदवी लागत नाही, मान तेवढी वर करावी लागते.

जाण्याआधी किती वाचून जावं?

एखादं पान. त्याहून जास्त वाचलं तर आपण तिथे जाऊन फक्त वाचलेलं बरोबर आहे की नाही ते तपासत बसतो. त्या ठिकाणचे ढीगभर व्हिडिओ तर मुळीच बघू नका, पहिल्यांदा बघण्याची संधी एकदाच मिळते.

पण ते एक पान नीट निवडा. जागेचा आराखडा, बांधकामाचा काळ आणि तिथली एखादी अशी गोष्ट, जी माहीत नसेल तर डोळ्यांसमोर असूनही दिसणार नाही. सांचीच्या तोरणांवरची शिल्पं बघताना बुद्ध शोधत राहिलात तर हाती काही लागायचं नाही. तिथे बुद्ध मानवी रूपात कोरलेलाच नाही. रिकामं आसन, पावलांचे ठसे, चक्र, बोधिवृक्ष म्हणजेच बुद्ध. एवढं एक वाक्य माहीत असलं की आधी नुसती गर्दी वाटणारे शिल्पपट एकदम बोलू लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे चालण्याची दिशा. जावा बेटावरच्या बोरोबुदुर या बौद्ध स्तूपाचे शिल्पपट उजव्या हाताने, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने वाचायचे. पूर्वेकडून सुरुवात करून एकेक मजला फिरत वर चढायचं. कंबोडियातल्या अंगकोर वाटचे शिल्पपट बरोबर उलट्या दिशेने लावलेले आहेत. त्या मंदिराचं तोंडही पश्चिमेला आहे. चुकीच्या दिशेने फिरलात तर कथा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जाल.

एका दिवसात किती ठिकाणं करावीत?

एक मोठं, एक छोटं. बास.

अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात उरकणारे पुष्कळ असतात. दोन्हींमध्ये साधारण शंभर किलोमीटरचं अंतर आहे, अजिंठ्याला सुमारे तीस लेणी आणि वेरूळला चौतीस. दिवसाचा बराच भाग गाडीत जातो आणि रात्री कुठलं लेणं कुठलं हेही आठवत नाही. वेळ खरोखरच कमी असेल तर दोन्हींपैकी एकच निवडा आणि त्यातलीही मोजकी लेणी बघा: अजिंठ्याला १, २, १७, १९ आणि २६, वेरूळला १०, १६ आणि ३२. उरलेली राहिली तर राहू द्यात. 'सगळं बघितलं' या समाधानासाठी काहीच धड न बघणं हा फार महागातला सौदा आहे.

इमारत 'बघायची' म्हणजे नक्की काय करायचं?

आधी लांब थांबा. बहुतेकजण गाडीतून उतरले की थेट दाराकडे चालू लागतात. मग इमारतीचा आकार, तिच्यामागचा डोंगर, तिच्याकडे येणारी वाट, काहीच नजरेत येत नाही. शक्य असेल तर बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. मागची बाजू जरूर बघा. पुढच्या बाजूला मालकाने पैसा ओतलेला असतो, मागे गवंड्याचं काम उघडं दिसतं.

मग आत शिरा आणि वजनाचा माग काढा. वरचं वजन खाली जमिनीपर्यंत कुठून कुठून उतरतंय? हा एकच प्रश्न घेऊन जगातल्या तीन घुमटांखाली उभं राहून बघावं.

रोममधलं पॅन्थिऑन हे देवालय दुसऱ्या शतकातलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा गोल मावेल. काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळई नाही. इथे अडचण नाही, कारण भिंतही गोल आणि घुमटही गोल. वजन सगळीकडून सारखं खाली येतं. रोमन कारागिरांनी खाली जड दगडाची खडी वापरली आणि वर जाता जाता ती हलकी करत नेली. अगदी माथ्याजवळ ज्वालामुखीतला सच्छिद्र दगड घातला. माथ्याला सुमारे नऊ मीटरचं उघडं भोक आहे, त्यातून ऊन येतं तसा पाऊसही येतो. आता खाली बघा. फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिला छोटी भोकं आहेत, पाणी निघून जायला. लोक वर बघत राहतात, ही भोकं पायाखाली असूनही कुणाला दिसत नाहीत.

इस्तंबूलला चर्च म्हणून बांधलेल्या हागिया सोफियात प्रश्न अवघड होतो. खाली चौकोन, वर गोल. मग चार कोपऱ्यांत वाकलेले त्रिकोण घालून चौकोनाचा गोल केला. हे काम ५३७ मध्ये पुरं झालं, ५५८ मध्ये घुमट कोसळला, मग तो आधीपेक्षा उंच करून ५६२ पर्यंत पुन्हा बांधला. घुमटाच्या बुडाशी चाळीस खिडक्या आहेत. उजेड असला की घुमट भिंतीवर टेकलेला न वाटता अधांतरी वाटतो.

विजापूरचा गोल घुमट सतराव्या शतकातला, मोहम्मद आदिलशहाची कबर. तिथेही चौकोनावर गोल, पण उत्तर वेगळं. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींचं जाळं घालून घुमट पेललेला आहे. येणारे सगळे वर सज्जात जाऊन कुजबुजतात, टाळ्या वाजवतात, आणि प्रतिध्वनी ऐकून खाली येतात. तो ऐकाच, मजा आहे. पण त्याआधी खाली मधोमध उभं राहून त्या कमानी नजरेने मोजा. माझ्या मते विजापूरला जाण्याचं खरं कारण त्या आहेत.

दिवसाच्या कोणत्या वेळी जावं?

'गर्दी नसेल तेव्हा' हे उत्तर सगळेच देतात. मी म्हणेन, उजेड कुठून येतो ते बघून जा.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी त्यांची दर्शनी बाजू सावलीत असते, दुपारनंतर ऊन आत शिरतं. बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियात पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडच्या लाल-केशरी आहेत. सकाळी आतलं चर्च थंड रंगाचं आणि उतरत्या दुपारी पेटल्यासारखं दिसतं. ही एकाच तिकिटातली दोन वेगळी चर्च आहेत. इजिप्तमधल्या अबू सिम्बेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण वर्षातून दोनदाच आतल्या मूर्तींपर्यंत पोचतात, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या आसपास. त्या दिवसांत तिथे मुंगीलाही जागा नसते, हेही लक्षात ठेवा.

उठावातली शिल्पं भर माध्यान्हीच्या उन्हात फिकी पडतात. तीच तिरक्या उन्हात बघितली तर बोटांची नखं दिसतात. आणि चित्रांच्या अंधाऱ्या लेण्यात शिरलात की पाच मिनिटं नुसते थांबा. डोळे अंधाराला सरावले की भिंतीवरून माणसं बाहेर येऊ लागतात. बहुतेक लोक नेमके त्या पाच मिनिटांच्या आत बाहेर पडलेले असतात.

तिकिटं आधीच काढावी लागतात का?

काही ठिकाणी दुसरा इलाजच नाही. मिलानमधल्या लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' या भित्तिचित्रासमोर छोट्या गटांना फक्त पंधरा मिनिटं मिळतात, आणि त्यासाठीची नोंदणी खूप आधी करावी लागते. स्पेनमध्ये ग्रनाडाच्या अलहाम्ब्रा राजवाड्यातल्या नासरी महालांना तिकिटावर ठरावीक वेळ छापलेली असते. ती चुकली की चुकली.

त्याहून साधी गोष्ट म्हणजे साप्ताहिक सुट्टी. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी, पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि तरीही बंद दारासमोर फोटो काढून परतणारे दर आठवड्याला भेटतात.

मोठ्या संग्रहालयात तासाभरातच डोकं गरगरायला लागतं. काय करावं?

लूव्रमध्ये सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. एकेकीला दहा सेकंद दिले तरी ९७ तास होतात. तेव्हा 'लूव्र बघून आलो' असं म्हणणं सोडून द्या. दोन दालनं ठरवा, तेवढीच बघा, बाहेर पडा. बाक दिसला की बसा. बाक बहुधा चांगल्या चित्रासमोरच ठेवलेला असतो, असा माझा समज आहे.

आणि गर्दी जिकडे बघते त्याच्या उलट बाजूला एकदा मान वळवा. मोनालिसाचं चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं आहे. पहिल्यांदा बघणारे बरेचजण 'एवढंच?' म्हणतात. त्या दालनात शेकडो माणसं फोन उंचावून तिच्याकडे तोंड करून उभी असतात. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर पाओलो व्हेरोनेसेचं १५६३ मधलं 'काना गावचं लग्न' लटकतंय, जवळजवळ पावणेसात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. लूव्रमधलं हे सगळ्यात मोठं चित्र.

त्याच्यासमोर दहा मिनिटं काढा. गोष्ट बायबलमधली: काना गावच्या लग्नात ख्रिस्त पाण्याची दारू करतो. मोठं लग्न आहे, लांबलचक टेबलं, शंभराहून जास्त माणसं. मधोमध ख्रिस्त बसलाय, पण त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. त्याच्या पुढ्यात वाजंत्री बसलेत आणि त्यांच्या टेबलावर वाळूचं घड्याळ आहे. ख्रिस्ताच्या नेमकं वर, कठड्यापलीकडे एकजण सुऱ्याने मांस कापतोय. पुढे ख्रिस्ताचा बळी जाणार याची ती सूचना. उजवीकडे एक माणूस मोठ्या रांजणातून दारू ओतून घेतोय, म्हणजे चमत्कार होऊन गेलाय आणि पाहुण्यांना पत्ताच नाही. तिथेच एक मांजर रांजणाशी खेळतंय. हे चित्र व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी काढलेलं होतं. समोर जेवणारे संन्यासी आणि भिंतीवर ही मेजवानी. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते पॅरिसला नेलं. मघाचा तिसरा प्रश्न, इथे येणाऱ्याने काय करावं, इथेही लावून बघा.

आधुनिक चित्रं बघून 'हे तर माझा मुलगाही काढेल' असं वाटतं.

वाटू द्या, ते चुकीचं नाही. सगळंच आवडायला हवं असा नियम नाही. फक्त छापील चित्रावरून मत बनवू नका. पिकासोचं 'गेर्निका' पुस्तकात तळहाताएवढं असतं. माद्रिदला समोर उभं राहिलं की ते साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे, त्यातल्या घोड्याच्या किंकाळीखाली आपण लहान होतो. आकार हा चित्राचाच भाग असतो, आणि फोनवर नेमका तोच गळतो.

इमारतींचंही तसंच. सिडनीचं ऑपेरा हाउस फोटोत पांढरंशुभ्र दिसतं. जवळ गेलात तर त्यावर दहा लाखांहून जास्त फरशा दिसतील, काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद साय-रंगाच्या. उन्हात डोळे दिपत नाहीत ते त्या मिश्रणामुळे.

गाइड घ्यावा की ऑडिओ गाइड?

चांगला गाइड मिळाला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तो चांगला आहे हे कसं ओळखायचं? त्याला एकदा विचारा, 'हे कशावरून कळलं?' जाणकार माणूस शिलालेख दाखवेल, छिन्नीच्या खुणा दाखवेल, किंवा 'असं मानतात, खात्री नाही' असं सरळ सांगेल. दुसऱ्या जातीचा गाइड राण्या, भुयारं आणि खजिने यांवर घसरेल. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले ही गोष्ट अजूनही ऐकवली जाते. तिला कसलाही पुरावा नाही. मात्र ताजचे चारही मिनार किंचित बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, हे सांगणारा गाइड धरून ठेवा.

ऑडिओ गाइड बरा, पण तो आपली चाल ठरवतो. मी आधी एक फेरी कान मोकळे ठेवून मारतो, मग तो लावतो.

परांची लागलेली असेल, काम चालू असेल तर जाऊ नये का?

जावं. फोटो बिघडेल हे खरं. पण दगड कसा साफ करतात, तडा कसा भरतात, मूळ तुकडा आणि नवा तुकडा वेगळा ओळखू यावा म्हणून काय करतात, हे एरवी दिसत नाही.

अर्धवट सोडलेलं कामही याच कारणासाठी बघावं. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अपुरं राहिलंय. बहुतेक लोक ते टाळून पुढे जातात. तिथे खांब नुसते चौकोनी ठोकळे म्हणून सुटायला लागलेले दिसतात, आणि काम वरून खाली कसं उतरत आलं ते कळतं. ते बघून मग वेरूळच्या कैलास लेण्यात या. आठव्या शतकातलं हे अख्खं मंदिर डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणलंय. आधी शिखर, शेवटी पाया. चूक झाली तर नवा दगड लावायची सोय नाही. कैलास बघताना तोंडात बोट जातंच, पण २४ नंबर बघून गेलात तर ते का जातंय हेही कळेल.

जळून, पडून पुन्हा बांधलेली इमारत 'खरी' म्हणायची का?

यावर लोक हिरिरीने भांडतात. जपानमधलं इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नवं बांधतात आणि जुनं उतरवतात. मागचं बांधकाम २०१३ मध्ये झालं. लाकूड नवं, पण बांधण्याची रीत शेकडो वर्षांची आणि ती हातातून हातात गेलेली. क्योटोचा सोनेरी मंडप १९५० मध्ये जळाला, १९५५ मध्ये पुन्हा उभा राहिला. व्हेनिसच्या सान मार्को चौकातला घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला आणि १९१२ मध्ये जसाच्या तसा परत आला. अबू सिम्बेल तर धरणाच्या पाण्याखाली जाऊ नये म्हणून साठच्या दशकात तुकडे करून साठ-पासष्ट मीटर उंचावर हलवलंय.

मला सगळ्यात चटका लावणारं उदाहरण वॉर्साचं. दुसऱ्या महायुद्धात तिथलं जुनं शहर जमीनदोस्त झालं. पुन्हा बांधताना बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची शहरदृश्यंही समोर ठेवली होती. चित्रावरून शहर उभं केलं. १९८० मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता तिथे उभं राहून हे खोटं आहे असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मला ते जमत नाही.

फोटो काढण्याबद्दल काय?

मनाई असेल तिथे नाही, फ्लॅश तर कुठेच नाही. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर, तो सुकल्यावर काढलेली आहेत, ओल्या चुन्यात मुरलेली नाहीत. रंग वरवर बसलेला असतो आणि तो नाजूक असतो. 'लास्ट सपर'ही सुक्या भिंतीवरचं. ते लिओनार्दोच्या हयातीतच खराब व्हायला लागलं होतं.

एक कामाची सवय: वस्तूचा फोटो काढण्याआधी शेजारच्या पाटीचा काढा. नाहीतर महिन्याभराने फोनमध्ये बिननावाच्या चाळीस मूर्ती उरतात. आणि एखाद्या ठिकाणी फोन खिशात ठेवून वहीत वेडंवाकडं का होईना, चित्र काढून बघा. खांबावर किती पट्टे आहेत हे काढायला घेतल्याशिवाय कळत नाही.

तिकीट नसलेली, यादीत नसलेली काय काय बघता येतं?

रेल्वे स्टेशनं, टपाल कार्यालयं, पूल, जुनी न्यायालयं, बाजारांच्या इमारती. लोक त्यांतून रोज ये-जा करतात म्हणून त्या बघायच्या असतात हेच विसरायला होतं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पुरं झालं. लाखो माणसं गाडी पकडायला त्यातून धावतात. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे, ब्रिटन आणि भारत. भिंतींवर मोर, माकडं आणि पानंफुलं आहेत. कोणत्याही शहरात दुकानांच्या पाट्यांच्या वर, पहिल्या मजल्यापासून पुढे बघत चाला. खालचा मजला दर दहा वर्षांनी बदलतो, वरचे तसेच राहतात.

बरोबर लहान मुलं असतील तर?

माहिती सांगू नका, शोधायला लावा. किती हत्ती, कुणाचं नाक तुटलंय, कोण हसतंय. वेरूळच्या कैलास लेण्यात मंदिराच्या जोत्यावर हत्तींची अख्खी रांग आहे, अर्धा तास आरामात जातो. पाऊण तासानंतर खायला द्या आणि बाहेर पडा.

वापरात असलेल्या प्रार्थनास्थळांत कसं वागावं?

पाहुण्यासारखं. प्रार्थनेची वेळ आधी बघून घ्या, कपडे आणि पादत्राणं यांचे नियम दारावर लिहिलेले असतात ते पाळा, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या समोरून जाऊ नका.

हात लावून बघायला हरकत नाही ना?

आहे. दगड टणक असतो म्हणून त्याला काही होत नाही, असं वाटतं. पण एकाच जागी रोज शेकडो तळवे फिरले की घाम आणि तेलाने दगड काळवंडतो, कोरीव कडा गुळगुळीत होतात. मूर्तींची गुडघे-पावलं अशी चकाकताना दिसतील, ती चकाकी म्हणजे झीज. हम्पीच्या विठ्ठल मंदिरातले सूर देणारे खांब वाजवायला याच कारणाने बंदी आहे.